वाईट बातमी तुमच्या टेबलापर्यंत पोचते का? स्वतंत्र संचालकांना खुले पत्र

कंपन्यांच्या संचालक मंडळांवरील सर्व स्वतंत्र संचालकांना,

सादर नमस्कार.

तुमच्या बैठकीचे कागद तयार करणाऱ्यांपैकी मी एक. पर्यावरण, कामगार, पुरवठादार, नीतिनियम या सगळ्याचा तिमाही गोषवारा लिहायचा, त्याची पीपीटी करायची आणि बैठक झाली की मिनिट्समध्ये ‘मंडळाने नोंद घेतली’ ही ओळ वाचायची, असे माझे काम. तुमच्याशी समोरासमोर बोलायची आम्हाला सोय नसते, तशी पद्धतच नाही. म्हणून हे पत्र. ते उघड लिहितो आहे, कारण त्यातले दुखणे एका कंपनीपुरते नाही.

ईएसजी, म्हणजे पर्यावरण, समाज आणि कंपनीचा कारभार, हा विषय विषयपत्रिकेवर बहुतेक ठिकाणी शेवटून दुसरा असतो. आर्थिक निकाल झालेले असतात, कुणाला विमान गाठायचे असते. पंधरा मिनिटांत कार्बनचा आलेख, वृक्षारोपण, महिला कर्मचाऱ्यांची टक्केवारी आणि रेटिंग संस्थेने दिलेले अक्षर दाखवून होते. एखादे सद्गृहस्थ ‘उत्तम काम’ म्हणतात. विषय संपतो. तुम्ही प्रामाणिक माणसे आहात याबद्दल मला शंका नाही. तरीही सांगतो, त्या पंधरा मिनिटांत तुम्ही देखरेख केलेली नसते. आम्ही जे दाखवायचे ठरवले, ते फक्त पाहिलेले असते.

आम्ही काय दाखवतो ते जरा जवळून पाहा.

एका कारखान्यातल्या ईटीपीचा, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेचा, पर्यवेक्षक आपल्या वहीत लिहितो: ‘दोन नंबरचा ब्लोअर बंद. सुट्या भागांची मागणी तिसऱ्यांदा पाठवली. रात्रपाळीत पाणी तसेच सोडावे लागते.’ कारखान्याचा व्यवस्थापक पुढे कळवताना शेवटचे वाक्य गाळतो, कारण तो लेखी कबुलीजबाब ठरेल. विभागीय कार्यालयातून जो कागद निघतो त्यात ‘ब्लोअरची देखभाल प्रलंबित, खरेदी प्रक्रिया सुरू’ असे असते. मुख्यालयात 40 कारखान्यांच्या तक्त्यात त्याचा एक पिवळा चौकोन होतो. तोही बैठकीच्या आदल्या आठवड्यात हिरवा होतो, कारण खरेदीची ऑर्डर निघालेली असते. तुमच्या स्लाइडवर येते ते एवढेच: ‘97 टक्के निकषांची पूर्तता.’ या साखळीत कुणीही सरळ खोटे बोललेले नाही. प्रत्येकाने आपल्या पायरीवर थोडेसे गुळगुळीत केले, एवढेच. पाणी मात्र त्या रात्रीही ओढ्यात गेले.

हे कल्पनाचित्र वाटत असेल तर वेल्स फार्गो या अमेरिकी बँकेचे पाहा. विक्रीची उद्दिष्टे इतकी अवाच्या सवा होती की कर्मचारी ग्राहकांना न विचारताच त्यांच्या नावे खाती उघडत होते. मे 2015 मध्ये बोर्डाच्या जोखीम समितीला सांगण्यात आले की या प्रकारात 230 जणांना काढले. सप्टेंबर 2016 मध्ये नियामकांचा दंड जाहीर झाला तेव्हा संचालकांना कळले की पाच वर्षांत काढलेल्यांचा आकडा सुमारे 5,300 आहे. त्याच बँकेच्या स्वतंत्र संचालकांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चौकशी अहवालात ही माहिती आहे. चौकशी नेटकी होती. वरातीमागून आलेले घोडे होते, एवढाच दोष.

तेव्हा माझे म्हणणे असे. तुमच्या धोरणात काय लिहिले आहे, अहवाल किती पानांचा आहे, रेटिंग कोणते मिळाले, या गोष्टी दुय्यम आहेत. खाली बिघडलेली गोष्ट तुमच्यापर्यंत किती दिवसांत, कुणाच्या हातून आणि किती शाबूत पोचते, ते आधी पाहा. हा रस्ता तुम्ही स्वतः आखला नसेल तर तो व्यवस्थापनाने आखलेला आहे. ज्याच्यावर देखरेख करायची त्यानेच देखरेखीचा मजकूर पुरवायचा, असा सगळा मामला आहे.

कायद्यालाही हे फार आधी सुचलेले आहे. अमेरिकेतल्या असंख्य मोठ्या कंपन्यांची नोंदणी डेलावेअर राज्यात असते. तिथल्या न्यायालयाने 1996 मध्ये केअरमार्क खटल्यात म्हटले की माहिती वर येण्याची व्यवस्था कंपनीत आहे की नाही, हे प्रामाणिकपणे पाहणे संचालकांचे कर्तव्य आहे. मात्र हे कर्तव्य चुकले असे सिद्ध करणे फार अवघड, असेही त्याच निकालात होते. त्यामुळे पुढची वीसेक वर्षे संचालक निर्धास्त होते.

मग ब्लू बेल आली. आइस्क्रीमची कंपनी, म्हणजे अन्नाची स्वच्छता हाच तिचा सगळा धंदा. 2015 मध्ये लिस्टेरिया जिवाणूच्या संसर्गाने तीन माणसे दगावली. कारखान्यांत हा जिवाणू सापडल्याचे अहवाल व्यवस्थापनाकडे आधीपासून येत होते. बोर्डाच्या मिनिट्समध्ये मात्र त्याचा मागमूस नव्हता. अन्नसुरक्षेची समिती नाही, विषयपत्रिकेवर तिची ठरलेली जागा नाही, लाल बातमी वर कळवलीच पाहिजे असा नियम नाही. 2019 मध्ये डेलावेअरच्या सर्वोच्च न्यायालयाने भागधारकाचा दावा पुढे चालू दिला. व्यवस्थापन सरकारी नियम पाळत होते, हा बचाव पुरेसा ठरला नाही. ज्या गोष्टीवर कंपनीचा श्वास चालतो, त्या गोष्टीसाठी बोर्डाची स्वतःची काय व्यवस्था होती, असे न्यायालयाने विचारले.

दोन वर्षांनी हाच प्रश्न बोइंगच्या संचालकांपुढे आला. लायन एअरचे विमान ऑक्टोबर 2018 मध्ये कोसळले, इथिओपियन एअरलाइन्सचे मार्च 2019 मध्ये. दोन्ही मिळून 346 माणसे गेली. विमाने बनवणाऱ्या कंपनीच्या बोर्डाकडे विमानाच्या सुरक्षेची स्वतंत्र समिती नव्हती. पहिल्या अपघातानंतर संचालकांचा पहिला फोन झाला तो जवळजवळ साडेतीन आठवड्यांनी, आणि त्यावर हजर राहणे ऐच्छिक होते. न्यायालयाने सप्टेंबर 2021 मध्ये दावा फेटाळायला नकार दिला आणि प्रकरण 23 कोटी 75 लाख डॉलरवर मिटले. ते पैसेही संचालकांच्या खिशातून गेले नाहीत, विम्यातून भरले गेले. विषय निघालाच आहे म्हणून सांगितले.

आता तुमच्यापैकी बरेचजण म्हणतील, आमच्याकडे समिती आहे. ईएसजी समिती, तिची कार्यकक्षा, वर्षाला चार बैठका, सगळे आहे. उत्तम. बीपी या ब्रिटिश तेलकंपनीकडेही होती. मेक्सिकोच्या आखातात एप्रिल 2010 मध्ये डीपवॉटर होरायझन या तेलविहीर खोदणाऱ्या रिगवर स्फोट झाला, 11 कामगार गेले, तेव्हा बीपीच्या बोर्डावर सुरक्षा, नीती आणि पर्यावरण यांसाठी खास समिती होती.

समिती असूनही डोळ्यांसमोरचे का दिसत नाही, याचे उत्तर त्याच कंपनीच्या आधीच्या अपघातात मिळते. 2005 मध्ये टेक्सास सिटी इथल्या बीपीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोट होऊन 15 जण मेले. जेम्स बेकर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने जानेवारी 2007 मध्ये अहवाल दिला. त्यातला एक निष्कर्ष प्रत्येक संचालकाने पाठ करावा असा आहे. कंपनी वैयक्तिक दुखापतींचा दर मोजत होती. घसरून पडणे, बोट चेमटणे, पाठीत चमक भरणे यांचे प्रमाण कमी होत होते आणि त्यावरून वरच्या मंडळींचा समज झाला होता की कारखाना सुरक्षित आहे. पण टाकी फुटेल का, वायू गळेल का, झडप वेळेवर बंद होईल का, याचा त्या दराशी संबंधच नव्हता. मोजमाप खरे होते आणि प्रगतीही खरी होती. फक्त ज्या धोक्याने माणसे मेली, त्याचे ते मोजमाप नव्हते. आणि एवढे छापून आल्यावरही, डीपवॉटर होरायझनचा स्फोट झाला त्याच दिवशी त्या रिगवर बीपीचे आणि रिगमालक ट्रान्सओशनचे अधिकारी आले होते. सात वर्षांत कामाचा दिवस बुडवणारी एकही दुखापत नाही, याबद्दल कौतुक करायला!

पुढचे ऐकून तर हसावे की रडावे कळत नाही. ट्रान्सओशनने 2010 सालासाठी अधिकाऱ्यांना सुरक्षिततेचा बोनस दिला. कारण ठरलेल्या सूत्राप्रमाणे, म्हणजे नोंदलेल्या दुखापतींच्या दराप्रमाणे, ते वर्ष कंपनीच्या इतिहासातले सर्वोत्तम निघाले. ओरड झाल्यावर अधिकाऱ्यांनी ती रक्कम मृतांच्या कुटुंबांसाठी देऊन टाकली. पण सूत्र कुणी मंजूर केले होते? बोर्डानेच. पगाराला ईएसजीची जोड दिल्याचे आज जो तो अभिमानाने सांगतो. त्यांना माझे एकच सांगणे: त्या सूत्रात आपल्या सर्वांत वाईट दिवसाचा आकडा घालून पाहा आणि बोनस किती येतो ते बघा.

समिती आणि मोजमाप यांच्यानंतरचा तिसरा आधार म्हणजे बाहेरचे प्रमाणपत्र. माझा स्वतःचा अर्धा वेळ ही प्रमाणपत्रे गोळा करण्यात जातो, म्हणून त्यांच्याबद्दल थोडे कडू बोलण्याचा हक्क मी घेतो. कराचीतल्या अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याला सप्टेंबर 2012 मध्ये आग लागली आणि अडीचशेहून अधिक कामगार जळून, गुदमरून मेले. काही आठवड्यांपूर्वीच त्या कारखान्याला कामगारहिताचे आंतरराष्ट्रीय मानक पाळत असल्याचे प्रमाणपत्र मिळाले होते. ब्राझीलमध्ये ब्रुमाजिन्यो इथले ‘वाले’ (Vale) नावाच्या खाणकंपनीचे खाणगाळाचे धरण जानेवारी 2019 मध्ये फुटले. 270 माणसे गेली. ते धरण स्थिर असल्याचा दाखला आदल्याच वर्षी बाहेरच्या तज्ज्ञ संस्थेने दिला होता. वेळ जेवणाची होती आणि कंपनीचे कॅन्टीन धरणाच्या खालच्याच अंगाला होते. धोक्याचा भोंगा वाजला नाही. हीच कंपनी ज्यात निम्मी भागीदार होती, त्या मारियानाच्या खाणीचे धरण 2015 मध्ये फुटले होते. म्हणजे धडा नवा नव्हता. तपासनीसाला तपासणी ज्याची करायची त्याच्याकडूनच पैसे मिळतात, आणि पुढच्या वर्षीचे कामही त्याच्याच हातात असते. हे तुम्हाला आर्थिक लेखापरीक्षणात पक्के ठाऊक आहे. म्हणून तर तिथे लेखापरीक्षक ऑडिट समितीला उत्तरदायी असतो. धरणाच्या किंवा कामगारांच्या तपासनीसाला ती सोय का नाही?

रेटिंगचे तर बोलूच नये. सप्टेंबर 2015 मध्ये फोक्सवॅगनला एका नामांकित शाश्वतता निर्देशांकाने वाहन उद्योगात अव्वल ठरवले. त्यानंतर काही दिवसांतच अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने उघड केले की तिच्या डिझेल गाड्यांत चाचणीला फसवणारे सॉफ्टवेअर आहे. जगभरात अशा गाड्या निघाल्या 1 कोटी 10 लाखांच्या आसपास. सहा रेटिंग संस्थांच्या गुणांची तुलना करणारा एमआयटीतल्या संशोधकांचा अभ्यास आहे. त्यात त्यांच्या गुणांमधला सरासरी सहसंबंध 0.54 इतकाच भरला. पतमानांकनात हाच आकडा 1 च्या अगदी जवळ असतो. थोडक्यात, एका संस्थेकडे हुशार ठरलेली कंपनी दुसरीकडे काठावर पास असू शकते. स्लाइडवर आम्ही कोणते अक्षर छापतो, ते तुम्हीच ओळखा.

आणि कायदेशीर परवानगी? इथे मला रिओ टिंटो या खाणकंपनीचे प्रकरण सविस्तर सांगायचे आहे, कारण त्यात संचालक मंडळाचे वागणे पायरी पायरीने दिसते.

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पिल्बारा भागात जुकान खिंडीतल्या गुहांमध्ये 46,000 वर्षांपासूनच्या मानवी वावराच्या खुणा होत्या. पुटू कुंटी कुर्रामा आणि पिनिकुरा या मूळनिवासी लोकांची ती पूज्य जागा. लोखंडाच्या खाणीसाठी ती उडवण्याची सरकारी संमती कंपनीने 2013 मध्ये रीतसर घेतली होती. पुढे उत्खननात सुमारे 4,000 वर्षांपूर्वीची, माणसाच्या केसांची वेणी मिळाली. तिच्या डीएनएचा आजच्या लोकांशी संबंध जुळला. पुरातत्त्वज्ञांनी जागेचे महत्त्व लिहून दिले. ते अहवाल कंपनीतच होते. खाण वाढवण्याचे चार पर्याय होते आणि त्यांतले तीन गुहांना धक्का न लावणारे होते. निवडला गेला चौथा, कारण त्यातून सुमारे 80 लाख टन जास्तीचे खनिज हाती येत होते. उरलेले तीन पर्याय मूळ मालकांना सांगितलेच गेले नाहीत. 24 मे 2020 ला स्फोट झाला.

कायदा मोडला होता का? नाही. कागद पूर्ण होते.

ऑगस्टमध्ये बोर्डाने आपला अंतर्गत आढावा प्रसिद्ध केला आणि सीईओंसह तिघांचे बोनस कापले. तेवढ्यावर भागेल असे मंडळाला खरोखर वाटले होते. पेन्शन फंड आणि इतर गुंतवणूकदार भडकले. सप्टेंबरमध्ये सीईओ आणि दोन वरिष्ठ अधिकारी जाणार असे जाहीर झाले. मार्च 2021 मध्ये अध्यक्षांनीही आपण पुन्हा उभे राहणार नाही असे सांगितले. अंतिम जबाबदारी आपली आहे, हे त्यांनी मान्य केले. बोनसकपातीपासून अध्यक्षांच्या घोषणेपर्यंत सात महिनेही लागले नाहीत. मला यात शिक्षेपेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. ज्या अहवालांनी स्फोट थांबला असता ते सात वर्षांत बोर्डाच्या टेबलावर आले नाहीत, आणि ते आले नाहीत हे बोर्डाच्याही लक्षात आले नाही.

नियमांबद्दल फार लिहीत नाही, ते तुमचे वकील सांगतीलच. ब्रिटनच्या 2006 च्या आणि भारताच्या 2013 च्या कंपनी कायद्याने संचालकांच्या कर्तव्यांत कर्मचारी, समाज आणि पर्यावरण यांचा उल्लेख केलेला आहे. जून 2023 मध्ये आलेल्या आंतरराष्ट्रीय शाश्वतता प्रकटन मानकांत बोर्डाला ही माहिती कशी आणि किती वेळा मिळते, ते जाहीर करण्याची अपेक्षा आहे. दुसरीकडे युरोपने 2025 मध्ये आपलेच नियम सैल करायला घेतले आणि अमेरिकेत ईएसजी ही तीन अक्षरे उच्चारायचीही पंचाईत झाली. हे वारे फिरत राहणार. न्यायालय तुमचे काम करील अशीही आशा नको. शेल या तेलकंपनीच्या संचालकांवर हवामानाच्या मुद्द्यावर एका संस्थेने दावा लावला, तो लंडनच्या उच्च न्यायालयाने 2023 मध्ये पुढे जाऊ दिला नाही. कंपनी कशी चालवायची ते संचालकांनी ठरवावे, न्यायाधीशांनी नव्हे, असा त्याचा रोख होता. म्हणजे चेंडू पुन्हा तुमच्याकडेच.

तुमची बाजूही मला माहीत आहे. तुम्ही पूर्णवेळ नाही. चारशे पानांचा बोर्ड पॅक बैठकीच्या थोडे दिवस आधी हातात पडतो. फार खोलात गेलात तर ‘संचालक कारभारात ढवळाढवळ करतात’ अशी कुरकुर होते, आणि ती अगदीच चुकीची नसते. कारखाना चालवणे हे तुमचे काम नाही. पण प्रश्न विचारणे आणि कारखाना चालवणे यांत पुष्कळ अंतर आहे, आणि तुमच्यातले बरेचजण त्या अंतराच्या खूप अलीकडेच थांबतात. एखाद्या संचालकाने नेमका प्रश्न विचारला की काय होते ते मी पाहिले आहे. पुढच्या तिमाहीत त्या विषयाची स्लाइड बदलते, मागची फाइल निघते, खरेदी विभाग अचानक जागा होतो. तुमच्या एका वाक्याचा दाब खाली किती पायऱ्या उतरतो, याची तुम्हाला कल्पना नसावी.

तेव्हा काय करावे? दर तिमाहीत कुठल्याही एका कारखान्याची किंवा पुरवठादाराची मूळ नोंदवही मागवा, गोषवारा न करता. कारखाना तुम्ही निवडा, आम्ही नको. सुरक्षा, पर्यावरण आणि अंतर्गत लेखापरीक्षण यांच्या प्रमुखांना सीईओ खोलीत नसताना भेटा. बाहेरच्या लेखापरीक्षकाला ऑडिट समिती तसे भेटतेच, नवे काही नाही. तक्रार करणाऱ्याचा कागद मनुष्यबळ विभागातून फिरून न येता थेट समितीच्या अध्यक्षांकडे जाऊ द्या, आणि तक्रारींच्या संख्येबरोबर हेही विचारा की तक्रार केलेल्यांपैकी वर्षभराने किती जण नोकरीत आहेत. शून्य तक्रारी दाखवणाऱ्या कारखान्याकडे आधी जा. अपघातांच्या आकड्यांत कंत्राटी कामगार मोजले आहेत का, हे एकदा तोंडी विचाराच. उत्तर यायला किती सेकंद लागतात त्यावरूनही बरेच कळते.

आणि पैशाकडे पाहा. ज्या बैठकीत 2050 पर्यंत शून्य उत्सर्जनाचा ठराव टाळ्यांत मंजूर होतो, त्याच बैठकीत दोन विषय आधी 30 वर्षे चालेल असा कोळशाचा बॉयलर मंजूर झालेला असतो, आणि दोन्ही कागदांवर सह्या त्याच असतात. भांडवली खर्चाच्या तक्त्यात ज्या उद्दिष्टाला ओळ नाही, त्याचा माझ्या हिशेबी उद्दिष्टांत समावेश होत नाही.

मिनिट्सबद्दलही एक विनंती. ‘नोंद घेतली’ याऐवजी कोणत्या संचालकाने काय विचारले, उत्तर कोण देणार आणि कोणत्या तारखेपर्यंत, एवढे तीन तुकडे लिहायला सांगा. कंपनी सचिव थोडे कुरकुरतील, कारण लिहिलेला प्रश्न पुढे न्यायालयातही दिसतो. दिसू द्या. ब्लू बेलच्या संचालकांना तशी एक ओळ दाखवता आली असती तर बरे झाले असते.

पुढच्या बैठकीची विषयपत्रिका अजून निघाली नसेल तर आजच कंपनी सचिवांना लिहून ईएसजीचा विषय आर्थिक निकालांच्या आधी घ्यायला सांगा. सोबत ईटीपीच्या रात्रपाळीची गेल्या महिन्याची वही मागवा. झेरॉक्स चालेल, टाइप करून नको.

आपला,
बोर्डाच्या नोटा लिहिणारा एक कर्मचारी